फूल, तांब्या आणि समुद्र : चित्र काढायला बसलं की कोण किती वेळ थांबतं?

अंबियाबहार

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात माझ्या शेवंतीच्या चित्राखाली तिघाचौघांनी विचारलं होतं, की तुम्ही नेमकं कसं काढता, आधी काय आणि नंतर काय, ते सविस्तर लिहा. तिथेच लिहायला घेतलं, पण लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी वीसेक वर्षं चित्रं काढते आहे. जलरंग बाराही महिने, तैलरंग फक्त हिवाळ्यात. विषय तीनच : फुलं, घरातल्या वस्तू आणि समुद्रकिनारा. नागपुरात राहून समुद्र कसा काढता, हे खाली येईलच. पुष्कळ वर्षं मी हे तीन वेगळे विषय धरून चालले होते. तिन्हींची तयारी वेगळी, रंग वेगळे, कागदसुद्धा वेगळा. आता वाटतं, खरा फरक एकच आहे : समोरचं तुमच्यासाठी किती वेळ थांबतं. जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. तांब्या महिनाभर जागचा हलत नाही, पण त्याच्यावरचा उजेड तासाभरात सरकतो. लाट तर बघता बघता मोडते. माझी सगळी पद्धत या हिशेबातून आली आहे.

आधी फुलं. बर्डीच्या, म्हणजे इथल्या सीताबर्डीच्या, फूल मार्केटात मी सकाळी सहाच्या आत पोचते, उन्हाळ्यात त्याहूनही आधी. ऊन चढलं की निम्म्या फुलांनी माना टाकलेल्या असतात. हार करणाऱ्यांना पूर्ण उमललेलं फूल लागतं, मला अर्धं उमललेलं, कारण टेबलावर ठेवल्यावरही ते उमलतच राहतं. घरी आणलं की देठ पाण्यात धरून तिरपे कापते, बुडतील ती पानं काढून टाकते आणि तासभर फुलं बादलीत न्हाणीघरातल्या अंधारात ठेवते. त्या तासात फूल पाणी पिऊन ताठ होतं. घाईत हा तास टाळला, की चित्र अर्ध्यावर असताना मान कलंडते आणि केलेलं रेखाटन फुकट जातं.

रंगवताना नियम असा, की जे आधी बदलणार ते आधी. एका गडूत जास्वंद, तगर आणि शेवंती असेल तर जास्वंद पहिली. शेवंती आठवडा काढते, तिला घाई नाही. पेन्सिलीने मी फारच थोडं काढते : बाहेरचा आकार, जास्वंदीच्या पाच पाकळ्या एकमेकींवर कुठे येतात त्या जागा, मधली केसरांची दांडी कुठे वाकली आहे ती दिशा. बाकी सगळं ब्रशने. पाकळीच्या कडा पेन्सिलीने गिरवून ठेवल्या, की आपण फूल बघायचं सोडून रेघा भरायला लागतो.

झेंडूबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोरणासाठी आणलेल्या ढिगातलं एक फूल मी खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं. तोवर मी झेंडूच्या पाकळ्यांमधली सावली तपकिरी रंगवत होते. भिंगात दिसलं ते निराळंच. पाकळीची कड पिवळी, जरा दुमडलेली, झालरीसारखी. दोन पाकळ्यांच्या फटीत बघावं तर तिथे अंधार नव्हता, लालभडक नारिंगी होतं, विस्तवासारखं. वरचा उजेड एका पाकळीतून गाळून खालच्या पाकळीवर पडतो, तिथून पुन्हा गाळून आणखी आत जातो, आणि दर वेळी रंग जास्त गडद आणि जास्त लाल होतो. म्हणजे झेंडूच्या पोटातली सावली रंगाने भरलेली असते. तेव्हापासून तिथे मी पारदर्शक नारिंगीत लाल मिसळून लावते. तपकिरी फक्त अगदी तळाशी, देठाजवळच्या हिरव्या पेल्यात.

आता वस्तू. आजीचा पितळी तांब्या, लोणच्याची चिनी मातीची बरणी, खलबत्ता आणि मोसमात संत्री. कळमन्याच्या फळबाजारातून पेटी आली की पहिली सहा माझ्या टेबलावर जातात. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या हंगामाची, सुरुवातीची फळं रंगवायला सगळ्यात सुंदर, कारण सालीवर अजून हिरवट-पिवळे डाग असतात. संत्र्याच्या सालीवरची छिद्रं सगळीकडे सारखी काढू नका. भर उजेडात ती पुसली जातात, सावलीत बुडतात. उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यातच ती नीट दिसतात. तेवढ्या पट्ट्यात दहा-बारा ठिपके दिले तरी बाकीची साल बघणाऱ्याला आपोआप दिसते.

वस्तुचित्रासाठी उत्तरेची खिडकी घ्या, असं सगळीकडे सांगतात. नागपुरात ते निम्मं वर्षच खरं आहे. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या शेवटी सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारीसुद्धा जरा उत्तरेकडूनच जातो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन येतं आणि तांब्यावरचा चकाकता ठिपका तुमच्या डोळ्यांदेखत चालायला लागतो. म्हणून एप्रिल ते ऑगस्ट मी खिडकीला जुन्या धोतराचा पातळ पडदा लावते आणि टेबलावर खडूने वस्तूंच्या जागा आखून ठेवते. रोज ठरावीक वेळी दीड तास काम, मग झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुढे.

आणि समुद्र. आमच्याकडून कोकण गाठायचं म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस. वर्षातून एकदा, चार-पाच दिवस. पहिल्या खेपेला मी फोनमध्ये शेकडो फोटो काढून आणले आणि घरी बसून त्यांवरून रंगवलं. पाणी सगळीकडे एकाच निळ्या रंगाचं झालं. आता किनाऱ्यावर पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर फक्त रंगाच्या नोंदी करते, एकेक दहा मिनिटांची. आकाशाचा खालचा पट्टा, दूरचं पाणी, जवळचं पाणी, ओली वाळू, सुकी वाळू. पाच पट्टे, बाजूला पेन्सिलीने वेळ आणि एखादं वाक्य : “ओली वाळू आकाशापेक्षा थोडी गडद, फेसाची सावली जांभळट.” लाट मी लाट म्हणून काढायला जात नाही. एकाच जागी मोडणाऱ्या वीस-पंचवीस लाटा नुसत्या बघते. प्रत्येक वेगळी असते, पण कुठे उचलते, कुठे पातळ होते, फेस कुठून मागे ओढला जातो, हे पुन्हा पुन्हा तसंच होतं. ते पाठ झालं की मग ब्रश.

अशा साठेक नोंदी माझ्या डब्यात आहेत. मे महिन्यात नागपूर तापलेलं असताना, कूलरसमोर बसून, त्यांतून मी समुद्र काढते.

तुम्ही कसं करता ते लिहा. प्रश्न असतील तर तेही.

---

कोराकागद

ताई, खूप छान लिहिलंय. मी बारावीत आहे, हिंगण्याला राहतो. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली आहे, वस्तुचित्र बऱ्यापैकी जमतं, पण फुलं अजिबात नाही. पिवळ्या फुलाची सावली करायला पिवळ्यात थोडा काळा टाकतो तर ती शेवाळ्यासारखी हिरवी होते. असं का होतं? आणि सुरुवातीला किती रंग घ्यावेत? मोठी पेटी घ्यायला पैसे नाहीत.

---

अंबियाबहार

@कोराकागद, काळ्या रंगाचा कल बहुतेक वेळा निळ्याकडे असतो. निळा आणि पिवळा मिळून हिरवाच होणार. पिवळ्याच्या सावलीला काळा हात लावू नकोस. आधी गेरूकडे झुकणारा पिवळा, मग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), आणि अगदीच दाबायचं असेल तर जांभळ्याचा एक थेंब. एवढ्यात भागतं.

मोठी पेटी नकोच. सहा ट्यूब पुरतात : लिंबाच्या रंगाचा पिवळा, एक उबदार पिवळा, नारिंगीकडे झुकणारा लाल, गुलाबीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना. शेवटचे दोन एकत्र केलेस की सुंदर करडा मिळतो, त्यात निळा जास्त घातला तर थंड, सिएना जास्त घातला तर उबदार. माझी समुद्राची निम्मी सावली त्या करड्याची आहे. हिरवा विकत घेऊ नकोस, दोन पिवळ्यांमधून आणि निळ्यामधून हवे तेवढे हिरवे होतात आणि ते पानांना जास्त शोभतात.

वाचलेले पैसे कागदावर घाल. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, शक्य असेल तर पूर्ण सुती. साध्या कागदावर वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेला पातळ रंग, एका बाजूने सुकतो, दुसऱ्या बाजूने ओलाच राहतो आणि मधे डाग पडतो. मुलांना वाटतं आपला हात वाईट आहे. हात ठीक असतो, कागद साथ देत नाही. एका मोठ्या कागदाचे आठ तुकडे कर आणि प्रत्येकावर एकच फूल काढ.

---

खाडीपलीकडे

मी दापोली तालुक्यातला. लेख आवडला, त्यात किनाऱ्यावरच्या माणसाच्या दोन गोष्टी घालतो.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून, डोंगरावरून येतो. तेव्हा समुद्रावर सरळ उजेड पडतो, होड्यांचे रंग खणखणीत दिसतात, पाणी निळं-हिरवं. संध्याकाळी सूर्य समोर. माणसं, होड्या, सुरूची झाडं नुसती काळी आकृती होतात आणि ओली वाळू चांदीसारखी चमकते. एकाच जागी दोन वेगळी चित्रं. अंबियाबहार ताई, तुम्ही नोंदीवर वेळ लिहिता हे म्हणूनच फार बरोबर आहे. आणि संध्याकाळचीच आणखी एक गोष्ट : लाट मोडायच्या आधी क्षणभर तिची वरची कड पातळ होते आणि सूर्य मागे असल्यामुळे त्यातून हिरव्या काचेसारखा उजेड आरपार येतो. सकाळी तो दिसत नाही. कित्येक चित्रांत सकाळचा उजेड आणि ही हिरवी कड एकत्र असते, आम्हाला ते लगेच खटकतं.

दुसरं, ओहोटीला या. ओली वाळू आकाश दाखवते ती ओहोटी लागल्यावर. भरतीची ढोबळ वेळ काढायचा आमच्याकडचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणजे चार दिवसांसाठी येणार असाल तर कॅलेंडर बघून या, अष्टमी-नवमीच्या आसपास भर दुपारी ओहोटी मिळेल, पौर्णिमेच्या आसपास सकाळ-संध्याकाळची.

वाळूचा रंगही बघा. रायगडातल्या बऱ्याच किनाऱ्यांची वाळू काळपट आहे, खाली तारकर्लीकडे पांढुरकी. सगळीकडे एकच पिवळा लावू नका.

---

अंबियाबहार

@खाडीपलीकडे, तिथीचा हिशेब वहीत लिहून घेतला. मी आजवर शाळेच्या सुट्ट्या बघून जायचे, आता तिथी बघून जाईन. हिरव्या कडेचं वाचून डब्यातल्या नोंदी काढून बघितल्या. जिथे जिथे “कड हिरवी” लिहिलं आहे तिथे वेळ साडेपाच ते सव्वासहाच आहे. इतकी वर्षं लिहीत होते, पण हे लक्षात आलं नव्हतं.

---

दुपार४६

प्रामाणिक प्रश्न. फोटोवरून काढलं तर इतकं काय बिघडतं? मी नोकरी सांभाळून रात्री दहानंतर चित्रं काढतो. मार्केटात पहाटे जाणं, खिडकीचा उजेड, हे मला शक्य नाही. फोटो नसता तर मी चित्रं काढलीच नसती. नोकरी करणाऱ्या कितीतरी लोकांचं हेच आहे.

---

अंबियाबहार

@दुपार४६, तुम्ही काढताय हेच मोलाचं आहे, फोटोवरून काढू नका असं मी कधीच म्हणणार नाही. होडीची बांधणी, दोरखंड कुठे बांधला आहे, हे मीसुद्धा फोटोतच बघते. फोटो कुठे फसवतो एवढं माहीत असावं. लाल जास्वंदीचा फोटो मोठा करून बघा. पाकळ्यांच्या शिरा, घड्या बऱ्याचदा गायब असतात, लाल रंगाचा सपाट ठिगळासारखा भाग दिसतो. झगझगीत लाल कॅमेऱ्याला झेपत नाही. उन्हातल्या फेसाचंही तसंच, तो कोरा पांढरा येतो आणि त्यातली जांभळट सावली जाते. सावलीतल्या वस्तूंचा काळा गोळा होतो.

पण मला तुमच्यासाठी दुसरंच सुचवावंसं वाटतं. रात्री दहानंतर एका टेबललॅम्पखाली तांब्या आणि दोन संत्री ठेवा. दिव्याचा उजेड सरकत नाही, रात्रभर तसाच राहतो. वस्तुचित्रासाठी तुमची वेळ माझ्यापेक्षा चांगली आहे. खोलीतला मोठा दिवा मात्र बंद करा आणि कागदासाठी वेगळा उजेड ठेवलात तर तो वस्तूंवर पडू देऊ नका. दोन दिव्यांच्या दोन सावल्या पडल्या की गोंधळ होतो.

---

दुपार४६

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. आज रात्रीच करून बघतो.

---

घाणीचंतेल

नमस्कार ताई. मी उमरेडकडचा, आमच्या घरी जवस पिकते. मी तैलरंग शिकून राहिलो सध्या. दुकानात जवसाच्या तेलाची एवढीशी बाटली घ्यायला गेलो तं किंमत ऐकून परत आलो. आमच्या इथं घाणीवर ताजं जवसाचं तेल भेटते, चटणीवर घेतो ना आपण, तेच. ते वापरलं तं चालते का? आन् शेंगदाण्याचं का नाही चालत?

---

अंबियाबहार

@घाणीचंतेल भाऊ, प्रश्न फार चांगला आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याची लवचीक कातडी तयार होते आणि रंगाचे कण तिच्यात अडकून बसतात. शेंगदाण्याच्या तेलात हा गुण नाही, ते वर्षभर चिकटच राहील. करडईच्या तेलात आहे. ते जवसापेक्षा हळू सुकतं पण कमी पिवळं पडतं, म्हणून पांढऱ्या रंगाच्या ट्यूबमध्ये पुष्कळदा करडईचंच तेल असतं. म्हणजे चित्रकाराला लागणारी दोन्ही तेलं आपल्या शेतात पिकतात, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

घाणीचं तेल सरावाला वापरा, पण त्यात चिकट गाळ असतो आणि ते जास्त पिवळं पडतं. जे चित्र टिकावं असं वाटतं त्याला शुद्ध केलेलं बाटलीतलंच तेल घ्या. फार लागत नाही, बाटली वर्षभर जाते. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ आणि कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलटं केलं तर वरचा थर आधी सुकतो, खालचा मागून हलत राहतो आणि चित्राला तडे जातात.

आणि एक गोष्ट मनावर घ्या. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. मी एकदा मार्चमध्ये चिंध्यांची पिशवी गच्चीच्या खोलीत विसरले. दुपारी वर गेले तर खोलीभर करपल्यासारखा वास. पिशवीत हात घातला, आतल्या चिंध्या हाताला चटका बसावा इतक्या तापल्या होत्या. बादलीभर पाण्यात बुडवल्या. तेव्हापासून एकेक चिंधी दोरीवर सुटी वाळत घालते, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावते. तैलरंग फक्त हिवाळ्यात, याचं कारणही तेच.

---

घाणीचंतेल

बाप रे. माझ्या चिंध्या खाटेखाली आहेत. आत्ता काढतो.

---

फळ्यावरचाखडू

मी चित्रकलेचा शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. नागपुरातल्याच शाळांत अठ्ठावीस वर्षं वस्तुचित्र शिकवलं. अंबियाबहार, लेखन मनापासून आवडलं. एका मुद्द्यावर मात्र असहमती नोंदवतो.

“जे आधी बदलणार ते आधी” हा तुमचा नियम सोयीचा आहे, पण त्यात एक धोका आहे. कोऱ्या पांढऱ्या कागदावर तुम्ही एकटी जास्वंद रंगवता तेव्हा तिच्याभोवती पांढरंच पांढरं असतं. पांढऱ्याशेजारी कुठलाही रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो. म्हणून तुमचा हात आपोआप फिकट लावतो. दुसऱ्या दिवशी मागचा गडद पडदा रंगवलात की जास्वंद कातरून चिकटवल्यासारखी पुढे येते. मी मुलांना सांगत असे : आधी सगळ्या कागदाला हलका वॉश द्या, मागच्या सावलीचा एक तरी मोठा भाग घाला, मगच फूल. डोळे किलकिले करून बघा, तीन टोन (उजळ, मधला, गडद) शोधा, ते पाच मिनिटांत मांडा.

पांढऱ्या फुलांना तर हे जास्तच लागू. तगर म्हणजे काय? भोवतालच्या हिरव्यात राहिलेली पांढरी जागा. भोवताल नसेल तर तगर काढणार कशी?

घाईबद्दल एक उदाहरण आठवलं. फ्रेंच चित्रकार सेझान इतक्या सावकाश काम करायचा की फुलं सुकून जायची, म्हणून तो कागदी फुलं समोर ठेवून काढायचा. त्याच्या उलट एदुआर माने या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराने आयुष्याच्या शेवटच्या काळात, १८८२-८३ मध्ये, आजारी असताना मित्रांनी आणलेले गुच्छ छोट्या कॅनव्हासवर झटपट रंगवले. दोघांचीही चित्रं थोर आहेत. तेव्हा फूल किती वेळ थांबतं याच्याइतकंच आपण किती वेळ घेणारे आहोत, हेही बघावं लागतं.

---

अंबियाबहार

सर, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण करून बघायचं होतं.

रविवारी एकच जास्वंद दोनदा काढली. पहिली माझ्या पद्धतीने, सरळ पांढऱ्या कागदावर. दुसरी तुम्ही सांगितलं तशी : आधी अल्ट्रामरिन आणि सिएनाचा करडा वॉश, ओला असतानाच फुलाच्या डाव्या बाजूला गडद हिरवा सोडला, मग फूल. कूलर बंद ठेवला होता, एरवी त्याच्या दमट हवेने वॉश लवकर सुकत नाही आणि पाकळ्याही हलतात. भोवतालच्या त्या तयारीला सात मिनिटं लागली. दोन्ही भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघितल्या. पहिली फिकट आहे, तुम्ही म्हणालात तश्शी. दुसरी जास्वंद हवेत आहे, तिच्यामागे जागा आहे.

सात मिनिटांत फूल काही मिटत नाही. क्रम बदलते आहे : आधी भोवताल, ढोबळ, आणि मग जे आधी बदलणार ते. कागदी फुलं मात्र मला जमणार नाहीत, सर. फूल माझ्या समोर उमलत असतं, त्यासाठीच मी बसते.

---

मावळतीचंऊन

ताई, एक दुःखद प्रश्न. माझ्या आईने काढलेलं गुलाबाचं जलरंगातलं चित्र आमच्या बैठकीत पंधरा वर्षं होतं. गुलाब जवळजवळ पांढरे झालेत, पानं मात्र तशीच हिरवी. ते पुन्हा रंगवून घेता येईल का?

---

अंबियाबहार

@मावळतीचंऊन, वाचून वाईट वाटलं. बहुतेक त्या गुलाबांत क्रिमसन लेक जातीचा लाल असावा. हे लाल आणि झगझगीत गुलाबी उजेडाने उडतात, पातळ वॉशमध्ये तर फारच लवकर. व्हॅन गॉगने १८९० च्या मे महिन्यात रंगवलेले गुलाब मुळात गुलाबी होते, आज ते जवळपास पांढरे दिसतात. त्यालाही त्याच्या काळच्या गुलाबी रंगाने दगा दिला.

कृपा करून त्यावर कोणाला रंग लावू देऊ नका. आईचा हात त्यात आहे, पांढऱ्या झालेल्या गुलाबांतसुद्धा. चित्र उन्हाच्या भिंतीवरून काढा, खिडकीच्या समोर नाही अशा जागी लावा. फ्रेम उघडून बघा, काच कागदाला चिकटलेली नाही ना. माझं एक चित्र एका फ्रेमवाल्याने काचेला टेकवून बसवलं होतं, मधे पुठ्ठ्याची चौकट नव्हती. पावसाळ्यात आत ओल धरली आणि बुरशीचे ठिपके पडले. काच आणि कागद यांच्यात हवेला जागा पाहिजे.

नव्याने रंग घेणाऱ्यांसाठी : ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचा. पीआर ८३ म्हणजे अलिझारिन क्रिमसन, तो टिकत नाही. पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन, जवळपास तसाच गुलाबी-लाल आणि पुष्कळ टिकाऊ. नावावर जाऊ नका, नाव एकच ठेवून आतलं द्रव्य वेगळं असू शकतं.

---

मावळतीचंऊन

मनापासून आभार. आज चित्र आतल्या खोलीत हलवलं. काच चिकटलेली नाही.

---

खाडीपलीकडे

उडून जाण्यावरून एक टिकून राहिलेली गोष्ट सांगतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८७० साली फ्रान्समधल्या ट्रूव्हिलच्या किनाऱ्यावर बसून रंगवलेलं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या रंगाच्या थरात वाळूचे कण सापडले आहेत, वाऱ्याने उडून ओल्या रंगात बसलेले. ताई, तुमच्या पोस्टकार्डांना वाळू चिकटली असेल तर झटकू नका.

---

अंबियाबहार

चिकटली आहे. आत्ता बघितलं. एका नोंदीवर “ओली वाळू” या पट्ट्यातच चार-पाच कण आहेत, काळे.

---

कोराकागद

ताई, सर, मी आठ तुकडे करून जास्वंद काढली. घराच्या मागे झाड आहे, रोज सकाळी एक फूल. पहिली चार वाईट झाली. पाचव्यापासून आधी भोवतालचा वॉश दिला. सातव्या दिवशी फूल खिडकीत ठेवलं आणि पाकळीखालच्या सावलीत काळा नाही घातला, गुलाबी-लालमध्ये अगदी थोडा अल्ट्रामरिन घातला. सावली पहिल्यांदा सावलीसारखी वाटली. पण आठव्यात तेच केलं तर जांभळी झाली, जमली नाही. काय चुकलं?

---

अंबियाबहार

@कोराकागद, सातव्या दिवशी फूल कुठल्या वेळी आणि कुठल्या खिडकीत होतं? आणि आठव्या दिवशी?

---

कोराकागद

सातव्या दिवशी सकाळी सात, पूर्वेची खिडकी, ऊन थेट फुलावर. आठव्या दिवशी आभाळ होतं, ऊन नव्हतं.

---

फळ्यावरचाखडू

मग तुझं काही चुकलं नाही, बाळ. उन्हात पाकळीतून उजेड आरपार येतो, सावली गरम होते. आभाळात तो येत नाही, सावली थंडच राहते. आठवं फूल खरं काढलंस. दोन्ही कागदांच्या मागे वेळ आणि हवा लिहून ठेव.

---

कोराकागद

लिहिलं, सर. उद्या नववा तुकडा नाही, पण दुसऱ्या कागदाचे आठ केलेत.